होई आन: पाणी दीड मीटरवर, माणसं सतरा

होई आन, मध्य व्हिएतनाममधलं नदीकाठचं जुनं गाव. पहाटे पाचला दहा मिनिटं कमी असताना हॉटेलच्या रिसेप्शनवरून फोन आला. नदीचं पाणी दीड मीटरवर आलंय, दुपारपर्यंत दोन होईल असा अंदाज आहे. वरच्या मजल्यांवर मी सहलीला नेलेली सतरा माणसं झोपलेली. त्या दिवसाचा छापील कार्यक्रम असा होता: सकाळी 'मी सन' या ठिकाणची प्राचीन मंदिरं, दुपारी जुनं शहर, संध्याकाळी नदीत दिवे सोडणं. लक्ष्मीपूजनाचा दिवस म्हणून दिव्यांचा भाग मी मुद्दाम त्या संध्याकाळी ठेवला होता.

मुळातली चूक आमच्या सुट्टीची. मराठी घरांना मोकळा आठवडा मिळतो तो दिवाळीत, आणि मध्य व्हिएतनामचा पावसाळा सप्टेंबर ते डिसेंबर. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर ऐन भराचे. आपला पाऊस परतला की तिकडे ईशान्येचे वारे आणि वादळं पाणी घेऊन येतात. चुओंग सनचे डोंगर समुद्राच्या अगदी जवळ, त्यामुळे तिथे कोसळलेला पाऊस थू बोन नदीतून बघता बघता होई आनला पोचतो. त्यात वरच्या जलविद्युत धरणांतून पाणी सोडलं आणि नदी समुद्राला मिळते त्या कुआ दाईच्या मुखाशी भरती असली, की पाण्याला जायला वाट राहत नाही आणि ते गावात शिरतं. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

सगळ्यात आधी समजवावं लागलं नाही ते सांगलीच्या काकांना. सव्वापाचला ते लॉबीत हजर.

"धरणातून विसर्ग किती चाललाय?"

"आकडा नाही मिळाला काका. नदी दुसऱ्या इशाऱ्यावर आहे."

"म्हणजे आमच्या आयर्विन पुलाला चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, तसं?"

"तसंच. इथे तीन पायऱ्या आहेत. एक मीटर, दीड मीटर, दोन मीटर."

"मग दीडवर बसून राहायचं नसतं," काका म्हणाले आणि बॅग भरायला वर गेले. २०१९ला कृष्णा सत्तावन्न फुटांवर पाहिलेला माणूस. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

या तीन आकड्यांचा जुन्या शहरात अर्थ काय होतो, हे चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. होई आनचे मुख्य रस्ते नदीला समांतर आहेत आणि नदीपासून जसे दूर जाल तसे हळूहळू चढत जातात. काठावर बाख दांग, मग न्गुयेन थाय होक, त्यावर त्रान फू, आणि सगळ्यात वर फान चू त्रिन. पहिल्या इशाऱ्याच्या आसपास बाख दांगच्या गटारांतून पाणी वर यायला लागतं. लोकांना वाटतं पूर नदीकडून चालत येईल. प्रत्यक्षात तो आधी पायाखालच्या जाळीतून येतो. दुसऱ्याला बाख दांग गेलेला असतो, पाणी न्गुयेन थाय होकच्या उंबऱ्यांकडे निघालेलं असतं. तिसऱ्यानंतर त्रान फूचीही खात्री नाही. समोरची आन होई आणि काम नाम ही बेटं तर त्याआधीच तुटतात. म्हणून पावसाळ्यात हॉटेल घ्यायचं ते फान चू त्रिनच्या उत्तरेला. नदीचं दृश्य दिसणारी खोली ऑक्टोबरमध्ये कुणी फुकट दिली तरी घेऊ नये.

कार्यक्रमातून 'मी सन' सर्वात आधी काढलं. होई आनपासून ते साधारण चाळीस किलोमीटर, पण रस्ता भातखाचरांच्या सखल भागातून जातो. जाताना कोरडा असलेला रस्ता येताना तसाच असेल याची हमी नाही. ड्रायव्हरच्या म्हणण्याप्रमाणे विन दिएनकडच्या आतल्या रस्त्यावर पाणी चढायला लागलं होतं, जवळच्या दा नांग शहराला जाणारा समुद्रकाठचा रस्ता मोकळा होता. तेवढ्यावर दिवस उलटा करायचा ठरवला: जुनं शहर लगेच, दुपारच्या आत दा नांग, दुसरी रात्र तिथेच.

सामान आधी. नाश्त्याआधी सगळ्या बॅगा खाली आणून बसमध्ये टाकल्या आणि बस उत्तरेच्या बाजूला उंचावर उभी केली. कारण पाणी वाढलं की त्या भागाची वीज बंद करतात. वीज गेली की लिफ्ट जाते, मग चौथ्या मजल्यावरून सतरा बॅगा कोण उतरवणार? वीज नसली की एटीएम आणि कार्डाची यंत्रंही बंद. त्यामुळे फोन आणि पॉवर बँका रात्रीच भरून घ्यायला लावल्या होत्या आणि प्रत्येकाकडे दहा लाख डाँग रोख ठेवायला सांगितली होती. आकडा ऐकून नवी माणसं दचकतात; रुपयाला साधारण तीनशे डाँग धरले तर ते तीन-साडेतीन हजारच होतात.

पायात काय घालायचं यावर थोडा वाद झाला. बूट भिजले की दोन दिवस वाळत नाहीत, रबरी स्लिपर गाळात निसटते. मागे पट्टा असलेली सँडल सगळ्यात बरी. पायाला जखम किंवा भेग असेल त्यांनी पाण्यात उतरायचंच नाही. मुंबईची मंडळी लेप्टोचं, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचं, नाव काढताच गप्प झाली.

साडेसहाला निघालो. अशा दिवशी जागा पाहण्याचा क्रम प्रसिद्धीप्रमाणे लावायचा नाही, उंचीप्रमाणे लावायचा. जे आधी बुडणार ते आधी पाहायचं. म्हणून पहिला जपानी पूल. १५९०च्या दशकात जपानी व्यापाऱ्यांनी बांधलेला हा छप्पर असलेला पूल एका ओढ्यावर आहे आणि ओढा थेट नदीला मिळतो. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा उघडला. आम्ही पोचलो तेव्हा एका टोकाच्या पायऱ्यांशी घोटाभर पाणी होतं. आत एका टोकाला माकडांच्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला कुत्र्यांच्या, आणि मध्ये बाजूला लहानसं देऊळ. वीस हजारांच्या नोटेवर हाच पूल छापलेला आहे. मी सगळ्यांना नोट काढून दाखवायला लावली. हे का सांगतोय ते पुढे येईल.

जुन्या शहराचं तिकीट परदेशी माणसाला १,२०,००० डाँग. त्यात पाच कुपनं असतात आणि यादीतली कुठलीही पाच ठिकाणं निवडता येतात. तिकिटं मी आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवली होती, नाहीतर खिडकी उघडायची वाट पाहण्यात तासभर गेला असता.

पुलापलीकडच्या फुंग हुंग घरात आम्हाला आत घेतलं, पण पाहुणे म्हणून कमी आणि वाटेतली अडचण म्हणून जास्त. घरातली माणसं सामान चढवत होती. या घराच्या छताला मधोमध लाकडी जाळीची झडप आहे. एरवी गाइड ती दाखवतो आणि लोक फोटो काढून पुढे जातात. त्या दिवशी झडप उघडी होती, वर दोन माणसं दोर धरून उभी, आणि खालून खुर्च्या, खोकी, कापडाचे गठ्ठे एकामागून एक वर जात होते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पळत नव्हतं. सगळ्यात शेवटी एका आजींनी खालच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती विझू न देता भांडं हातात घेतलं आणि जिना चढून गेल्या. दहा मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. तिथे आणखी थांबणं बरं दिसलं नसतं.

न्गुयेन थाय होकवरच्या तान की घराच्या भिंतीवर पुरांच्या खुणा आणि साल लिहिलेली आहेत. १९६४ची खूण आजही आवर्जून दाखवतात. तिथे जाण्याइतका वेळ नव्हता. त्याऐवजी त्रान फूवरचं फुकियन सभागृह घेतलं, कारण ते वरच्या अंगाला. चिनी व्यापाऱ्यांनी बांधलेलं, आत समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचवणारी थिएन हाउ देवी. पाचातली दोन कुपनं फाडली गेली, तीन राहिली.

साडेनऊला डोकी मोजली तर पंधरा.

एक जोडपं न सांगता शिंप्याकडे गेलं होतं. होई आनला चोवीस तासांत सूट शिवून मिळतो अशी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. पण नीट बसणारा सूट हवा तर दोन ट्रायल लागतात, म्हणजे अठ्ठेचाळीस तास धरावेत. पोचल्या संध्याकाळी माप, दुसऱ्या दिवशी पहिली ट्रायल, तिसऱ्या दिवशी ताबा. यांची ट्रायल त्या दुपारची होती, ती लवकर उरकावी म्हणून ते न्गुयेन थाय होकच्या खालच्या टोकाला गेले. मधल्या भागात गुडघ्याच्या वर पाणी, म्हणून होडी केली. दुकानात पोचल्यावर कळलं की कपडे तिथे नाहीतच. बहुतेक दुकानं फक्त माप घेतात, शिवण गावाबाहेरच्या कारखान्यात होते. दुकानदारीण स्वतः कापडाचे तागे माळ्यावर चढवत होती. तिने फोन केला आणि सांगितलं, कारखाना कोरडा आहे, कपडे उद्या दा नांगच्या हॉटेलवर पाठवते. हा फोन आमच्या लॉबीतूनही झाला असता.

होडीवालीला जाता-येता मिळून चाळीस हजार ठरले होते. वीस हजारांची नोट निळी, आणि पाच लाखांचीही निळी. अंधाऱ्या गल्लीत, ओल्या हाताने, छत्री सांभाळत त्यांनी दोन निळ्या नोटा दिल्या. एकीवर जपानी पूल होता. दुसरीवर शून्य एक जास्त आहे की कसं, ते पाहिलं नाही. रात्री हिशेबात चार लाख ऐंशी हजार कमी निघाले, म्हणजे जवळजवळ सोळाशे रुपये. तेव्हापासून मी पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायला लावतो. नुसतं 'नीट बघून द्या' सांगून भागत नाही.

पावणेअकराला बस सुटली. समुद्रकाठच्या रस्त्याने दा नांग तीस किलोमीटर, एरवी पाऊण तास, त्या दिवशी सव्वा तास लागला. बसमध्ये जेवणाचा प्रश्न निघाला. सहाजण शाकाहारी. तिकडे शाकाहाराला 'चाय' म्हणतात, त्यामुळे पाटीवर 'चाय' वाचून दाखवलं की आपली माणसं चहा प्यायला उठतात. महत्त्वाचं म्हणजे नुसतं 'मांस नको' सांगून उपयोग नाही, कारण माशाचा सॉस सगळ्यात असतो; 'आन चाय' हेच शब्द वापरावेत. अमावास्येच्या सुमारास आणि पौर्णिमेला तिथले बरेच बौद्ध स्वतःच चाय पाळतात. आपली तिथी त्या दिवशी आमच्या कामी आली: चाय खानावळी भरलेल्या होत्या आणि भाजी ताजी होती.

दुपारी 'मी सन'च्या जागी दा नांगचं संग्रहालय, ती देवळं बांधणाऱ्या चाम लोकांच्या शिल्पांचं. हे बदली काम म्हणून उरकायचं ठिकाण नाही. मी सनच्या देवळांतल्या उत्तम मूर्ती इथेच आहेत. भद्रेश्वर शिवाचं ते स्थान चौथ्या शतकापासूनचं; १९६९च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात त्याचं फार नुकसान झालं, आणि अलीकडे तिथल्या काही मंदिरसमूहांचं जतन आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलं. २०२०मध्ये त्या कामातच एका दगडातलं शिवलिंग सापडलं. संग्रहालयात मी सनचा उभा गणपती आहे. बसलेला नाही, उभा. सोंड डाव्या बाजूच्या वाटीत, खाऊ उचलण्याच्या बेतात. काही हात तुटलेले, पण वाटी शाबूत. लक्ष्मीपूजनाचा दिवस म्हणून एका काकूंनी बॅगेतून अनारसा काढला, तेव्हा पहारेकऱ्याने मान हलवली. खाद्यपदार्थ आत चालत नाहीत. काकूंनी तो परत डब्यात ठेवला आणि हात जोडले.

संध्याकाळच्या दिव्यांचं मात्र काही करता आलं नाही. पाणी शांत असताना नदीतली होडी साधारण वीस मिनिटांची, तीन माणसांपर्यंत दीड लाख डाँग, चार-पाचांना दोन लाख. कंदिलांची खास रात्र त्यांच्या चांद्र महिन्याच्या चौदाव्या तिथीला असते, म्हणजे आपल्या शुद्ध चतुर्दशीच्या आसपास. दिवाळीनंतरची ती वैकुंठ चतुर्दशीच्या जवळ येते. ज्यांना तीच पाहायची त्यांनी माघी किंवा फाल्गुनी चतुर्दशी धरावी, तेव्हा नदी आपल्या जागी असते. सुट्टी दिवाळीचीच असेल तर मी आता सरळ हनोई आणि निन्ह बिन्ह सुचवतो. तिकडे त्या दिवसांत हवा कोरडी आणि गार. तरी होई आन हवंच असेल तर मुक्काम दा नांगला, होई आनला एकच रात्र, खोली रद्द करता येईल अशी, आणि मी सन कुठल्याही तारखेला न बांधता पहिल्या उघड्या सकाळी. दा नांगजवळच्या बा ना डोंगराचं तिकीट आधी काढून ठेवू नये. ढगात तो प्रसिद्ध सोनेरी पूल दहा पावलांवरूनही दिसत नाही.

कपडे दुसऱ्या दिवशी अकराला आले. सूटाची बाही बोटभर लांब होती.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरायला लागलं तेव्हा स्थानिक गाइडने 'झालो' या तिथल्या मेसेजिंग अॅपवर एक व्हिडिओ पाठवला. त्रान फूवर घराघरातली माणसं झाडू आणि फळ्या घेऊन, पाणी घोट्याएवढं असतानाच त्याच पाण्याने गाळ बाहेर ढकलत होती. मी तो काकांना दाखवला.

"बरोबर करतायत," काका म्हणाले. "वाळला की कुदळ लागते."