बेळगाव ते नाशिक : विमान तासाभराचं, प्रवास साडेचार तासांचा

मावसबहिणीचं डोहाळजेवण नाशिकला, आणि आईला रात्रभर बसमध्ये बसवायची माझी हिंमत नव्हती. रस्त्याने साडेपाचशे किलोमीटर होतात, त्यात पुढे चाकणचा ट्रॅफिक. गोवा एक्सप्रेस बेळगावहून जाते खरी, पण ती नाशिकरोडला न जाता दौंडवरून मनमाडला काढते. म्हणून सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, नाशिकच्या ओझर विमानतळावर विमानाने गेलो.

सांबरा ते ओझर सरळ रेषेत साधारण 480 किलोमीटर. नेटवर अंतर टाकलं की 36-37 मिनिटं दाखवतात, त्यावर जाऊ नका. तो नुसता ताशी 800 ने केलेला भागाकार आहे. एवढ्याशा अंतरात बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, पूर्ण वेग मिळतो मधल्या टप्प्यात. आमचं दार बंद होऊन उघडेपर्यंत एक तास पाच मिनिटं गेली.

टिळकवाडीतून सांबरा अर्ध्या तासात आलं. तासभर आधी काउंटर बंद होतो असं धरूनच घरातून निघा. विमानतळ लहान म्हणून रांग नसेल हा माझा अंदाज तिथेच खोटा ठरला. सगळी माणसं त्याच एका फ्लाइटची, तीही एकदमच आलेली.

तपासणीत आईच्या हँडबॅगेतून ओटीचा नारळ निघाला. अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना हंगामापुरती सूट दिली होती, पण आम्ही निघालो होतो डोहाळजेवणाला! चेक-इनची बॅग केव्हाच आत गेलेली. आईने निमूटपणे नारळ ठेवला, वर तपासणाऱ्या बाईला म्हणाली, "टाकू नकोस गं, फोडून खा." बेळगावची मिठाई कुंदा मात्र डब्यासकट सुटली. ओटीत सुकं खोबरं असेल तर तेही घरीच ठेवा. ते चेक-इनलाही चालत नाही.

विमान एम्ब्रेअर 145, 50 सीटांचं. डावीकडे एकेक सीट, उजवीकडे दोन-दोन. वरचे कप्पे इतके उथळ की माझी नेहमीची केबिन ट्रॉली त्यात मावेना. मऊ पिशवी बरी. जाताना डावी बाजू मागा : खिडकीही तुमची आणि आइल, म्हणजे मधली वाटही, शिवाय सह्याद्री त्याच बाजूला. दूर पाणी चमकलं तेव्हा आई कोयना म्हणाली, मी वारणा म्हणालो. आइलच्या पलीकडून वाद घालावा लागला, त्यामुळे सगळ्या विमानाने ऐकला.

ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना, मिग आणि सुखोई ही लढाऊ विमानं बनवलेली जागा, आणि धावपट्टीही त्यांचीच. सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं. दोन्हीकडे उतरल्यावर मोबाइल खिशातच राहू द्या, फोटोची हौस नको.

टर्मिनल महामार्गाला लागून नाही, जानोरीच्या बाजूला आत आहे. शहर तिथून वीसेक किलोमीटर. बाहेर पडून टॅक्सी शोधू म्हणाल तर ताटकळाल, गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. घर ते घर आमचे साडेचार तास झाले. तिकीट काढण्याआधी वारही बघून घ्या. अशा मार्गांचं वेळापत्रक हंगामागणिक बदलतं, आणि फ्लाइट रद्द झालीच तर त्या दिवशी दुसरी मिळेल हे धरून चालू नका.

नारळ शेवटी ओझरच्या नाक्यावर गाडी थांबवून घेतला. आईने तीन वाजवून बघितले, चौथा घेतला.