आजोबांचे फोटो, बाबांचा आवाज

आजचा दिवस बाबांच्या अल्बममध्ये गेला. नातवंडांना आजोबा नीट दिसावेत म्हणून फोटो स्कॅन करायला घेतले. ज्यांच्या घरी असं काम बाकी आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढू नका. गोंद वर्षानुवर्षांत कडक होतो आणि कोपऱ्यापासून कागद फाटतो. मेण नसलेला, दात साफ करायचा धागा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरीही सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा. ४×६ इंचाला ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके) पुरे, २४००×३६०० पिक्सेल मिळतात. मागची बाजूही स्कॅन करा, हे बहुतेक जण विसरतात. नातीला खांद्यावर घेतलेल्या फोटोमागे बाबांच्या तिरक्या अक्षरात तिचं नाव आणि तारीख आहे. तो फोटोइतकाच मोलाचा ऐवज! नवी नोंद मऊ पेन्सिलीनेच करा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

आवाजाची कॅसेट असेल तर आधी तिच्या वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मग टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या.

फोटोतली माणसं ओळखणारे थोरले आहेत तोवर नावं विचारून घ्या. हे मात्र आधी करा, स्कॅनिंग नंतर.