जोड बाबागाडी घेण्याआधी दार मोजा

धाकट्याची चाहूल लागली तेव्हा थोरली सव्वा वर्षाची होती. म्हणजे तो जन्मेल तेव्हा तिला दोन वर्षंही पूर्ण झालेली नसणार. चालायची छान, पण स्कॉटलंडमधल्या एडिनबरातल्या आमच्या घरापासून मेडोजच्या हिरवळीपर्यंत जाताना अर्ध्या वाटेत दोन्ही हात वर करून उभी राहायची. डोंबिवलीत असते तर तिला आजीने कडेवर घेतलं असतं आणि तान्ह्याला मी. इथे नवरा सकाळी साडेआठला कामावर जातो आणि पुढचा दिवस आम्हा तिघांचा. दोघांना मिळून एक गाडी हवी हे लगेच ठरलं. कोणती घ्यायची हे ठरायला मात्र चार महिने गेले. बाळ होणार असलेल्या आणि इकडे यायला निघालेल्या दोन मैत्रिणींनी नुकतंच याबद्दल विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण सरसकट बाबागाडी म्हणतो. इथे तान्ह्याला सपाट झोपवायची ती प्रॅम आणि बसत्या मुलाची ती बग्गी किंवा पुशचेअर. दोन मुलांच्या गाड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात मुलं शेजारी शेजारी बसतात, दुसऱ्यात पुढे-मागे. शेजारची गाडी रुंद, पुढे-मागेची लांब. दुकानातला माणूस पुढे-मागेचीच दाखवतो, कारण ती एका मुलाच्या गाडीइतकीच रुंद असते आणि कुठल्याही दारातून जाते. मलाही ते पटलं होतं.

तशी एक गाडी इथल्या एका मराठी मैत्रिणीने आठवडाभर वापरायला दिली. थोरलीला वरच्या सीटवर बसवलं, खालच्या मागच्या सीटवर बाळाऐवजी पाच किलो तांदळाची पिशवी ठेवली आणि निघाले. सपाट फुटपाथवर काही वाटलं नाही. न्यू टाउनच्या दगडी गल्ल्यांत आल्यावर त्रास सुरू झाला. एडिनबराच्या जुन्या रस्त्यांवर चौकोनी दगड बसवलेले आहेत, त्यांना इथे सेट्स म्हणतात. दिसायला देखणे, पण छोटी टणक चाकं त्यांच्या फटींत अडकतात. फुटपाथवर चढताना पुढची चाकं उचलायला सगळं अंग हँडलवर टाकावं लागे. तेव्हा मला सहावा महिना होता. शिवाय पिशव्या हँडलला टांगल्या आणि पुढचं मूल उतरवलं, तर अशी गाडी मागे कलंडू शकते. ही भीती माझ्या मनातून गेलीच नाही.

पण नको वाटायचं खरं कारण वेगळं होतं. मागच्या सीटवरच्या बाळाला समोर काय दिसणार? थोरलीच्या सीटची पाठ. आणि थोरलीला आपल्या भावाचं काय दिसणार? काहीच नाही. ती वळून वळून तांदळाच्या पिशवीकडे बघत होती, कारण तिला सांगितलं होतं की बाळ तिथे बसणार आहे. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, दोघं शेजारीच बसतील.

मग सुरू झाला रुंदीचा प्रश्न. फोनवर आईला हे सगळं सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, आधी दार मोज. आपलं कपाट विसरलीस का?" विसरले नव्हते. मी तिसरीत असताना बाबांनी लोखंडी कपाट घेतलं आणि ते चाळीच्या जिन्याच्या वळणावर अडकलं. शेवटी चार जणांनी दोर लावून गॅलरीतून वर ओढलं. सगळी चाळ खाली उभी राहून सूचना देत होती.

आम्ही राहतो ती इमारत एकोणिसाव्या शतकातली, चार मजली, दगडी. अशा इमारतीला इथे टेनेमेंट म्हणतात. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच गोल वळत जाणारा दगडी जिना. गॅलरी सोडली तर गिरगावातल्या चाळीत राहिलेल्या माणसाला इथे फार परकं वाटणार नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, 44 पायऱ्या. लिफ्ट नाही. पंधरा किलोची गाडी आणि दोन मुलं घेऊन त्या पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं. जिन्याखाली गाडी ठेवायचीही सोय नाही, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. तिथे सायकल, कुंडी, गाडी काहीही ठेवलेलं चालत नाही, आणि हा नियम मला मनापासून पटतो.

उरलं मागचं अंगण. टेनेमेंटच्या मागे सगळ्यांच्या मालकीचं हिरवळीचं अंगण असतं, त्याला बॅक ग्रीन म्हणतात. कपडे वाळत घालायचे लोखंडी खांब अजून तिथे उभे आहेत. कोपऱ्यात एक लाकडी खोपटं आहे. शेजाऱ्यांशी बोलून त्यातली एक बाजू मिळाली. आता गाडी रस्त्यावर आणायची तर आधी अंगणाचं दार, मग बोळ, मग पुढचं दार. पुढचं दार ऐसपैस. अंगणाचं दार टेप लावून मोजलं तर चौकटीच्या आत 68 सेंटीमीटर.

त्या एका आकड्याने अर्धी यादी बाद झाली. शेजारी शेजारी सीटच्या बऱ्याच गाड्या 72 ते 77 सेंटीमीटर रुंद असतात. इथल्या घरांत 76 सेंटीमीटरची दारं सर्रास असतात, त्यातून त्यातल्या काही कशाबशा जातात, पण आमच्या अंगणाच्या दारातून अजिबात नाही. शोधता शोधता माउंटन बग्गी या न्यूझीलंडच्या कंपनीची ड्युएट सापडली. रुंदी 63 सेंटीमीटरच्या आसपास, शेजारी सीट आणि हवेची चाकं. नवी घेणं परवडणारं नव्हतं. लीथमधल्या एका कुटुंबाकडून वापरलेली 190 पौंडांना मिळाली, बाळाला झोपवायच्या कॅरीकॉटसकट. वापरलेली घेताना मी ब्रेक उतारावर लावून पाहिला, पट्ट्यांचे चाप दहा वेळा उघडून-लावून पाहिले, आणि नवऱ्याने ती दोनदा घडी घालून उलगडली. एनसीटी या पालकांच्या संस्थेचे वापरलेल्या वस्तूंचे सेल भरतात, तिथेही अशा गाड्या येतात.

कॅरीकॉटवर मी अडून बसले होते. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने पाठ सपाट ठेवूनच झोपवावं, बसत्या सीटमध्ये किंवा कारच्या सीटमध्ये तासन्‌तास ठेवू नये, असं इथल्या दाया बजावून सांगतात. बऱ्याच जोड गाड्यांच्या सीट 'जवळजवळ सपाट' असतात. तान्ह्याच्या मानेसाठी तेवढं पुरत नाही, तेव्हा घेण्याआधी स्पष्ट विचारा. आणि उन्हात गाडीवर दुपटं टाकू नका. आपल्याकडे सहज टाकलं जातं, पण आत हवा कोंडते आणि बाळ तापतं.

आई बाळंतविडा घेऊन आली. पहिला सव्वा महिना तिने मला खाली उतरूच दिलं नाही, त्यामुळे गाडी खोपट्यातच राहिली. नंतर आमचा क्रम बसला. स्कॉटलंडमध्ये 2017 च्या ऑगस्टपासून जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाला सरकारकडून एक पेटी मिळते. तिला बेबी बॉक्स म्हणतात. त्यात कपडे, थर्मामीटर असं बरंच असतं, आणि बाळाला छातीशी बांधायचं लांब कापडही. धाकटा त्या कापडात माझ्या छातीशी, थोरलीचा एक हात माझ्या हातात आणि दुसरा कठड्यावर, अशा 44 पायऱ्या. ती प्रत्येक पायरी मोजायची, म्हणजे एक ते सात आणि पुन्हा एक. खाली आलो की अंगणात जाऊन गाडी उघडायची, दोघांना ठेवायचं, पट्टे लावायचे, पावसाचं कव्हर घालायचं. वीस मिनिटं त्यातच जायची. ती धरूनच निघायची वेळ ठरवायला मी शिकले.

शेजारी बसवण्यात अडचणी आहेत, त्याही सांगायला हव्यात. थोरली बारा किलोची आणि धाकटा चार, त्यामुळे गाडी एका अंगाला ओढायची. डंडस स्ट्रीटने बोटॅनिक गार्डनकडे उतरताना ते फार जाणवतं, तो उतार लांबलचक आहे. मनगटाचा पट्टा मी कधीही सोडला नाही. दुसरी अडचण जास्त गंभीर. थोरलीचा हात बाळापर्यंत पोचतो. तो चार महिन्यांचा असताना तिने प्रेमाने एक बेदाणा त्याच्या ओठांशी नेला. मी बघत होते म्हणून वेळेत हात धरता आला. त्या दिवसापासून गाडीत बसून खाणं बंद. खायचं तर बाकावर थांबून.

पण तोच पोचणारा हात धाकटा रडायला लागला की त्याच्या पोटावर जायचा. मी गाडी ढकलत असायचे, माझे दोन्ही हात हँडलवर. त्याला थोपटणारी तीच.

बसचं थोडं वेगळं सांगायला हवं. इथल्या बसमध्ये व्हीलचेअरसाठी जागा राखलेली असते आणि ती रिकामी असेल तर बाबागाडी तिथे उभी करता येते. हक्क मात्र व्हीलचेअरवरच्या प्रवाशाचा. 2012 साली व्हीलचेअर वापरणाऱ्या डग पॉली यांना बसमध्ये घेतलं गेलं नाही, कारण त्या जागेत एका आईची गाडी होती, तिचं बाळ झोपलं होतं आणि ती हलायला तयार नव्हती. ते प्रकरण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जानेवारी 2017 मध्ये कोर्टाने सांगितलं की चालकाने नुसती विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही, त्याने आणखी प्रयत्न करायला हवा. हे वाचल्यावर मी त्या आईच्याही जागी स्वतःला ठेवून पाहिलं. झोपलेलं बाळ उचलणं किती जिवावर येतं ते मला माहीत आहे. तरी मी उतरेन, असं मनाशी पक्कं केलं. नोव्हेंबरात एकदा तशी वेळ आली. स्टॉपवर व्हीलचेअरवर एक आजोबा होते. चालकाने काही म्हणायच्या आतच मी उतरले आणि उरलेला दीड मैल चालत आले. समुद्रावरून येणारं ते गार धुकं, ज्याला इथे हार म्हणतात, त्यात चाललो तिघं. दोन मुलं आणि जोड गाडी असताना घडी घालणं एकट्या माणसाला जमत नाही, तेव्हा बसच्या भरवशावर राहायचं नाही आणि घर चालत्या अंतरात बघायचं, हे नव्याने येणाऱ्यांना आवर्जून सांगते.

घडीवरून आठवलं. छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी ज्यांनी बनवली ते ओवेन मॅक्लारेन विमानांचे इंजिनियर होते, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेले. त्यांची मुलगी अमेरिकेहून नातीला घेऊन आली, तेव्हा तिची ती अवजड गाडी बघून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची घडीची गाडी तयार केली. 1965 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. नातीसाठी हात चालवणारा आजोबा सगळीकडे सारखाच. माझे बाबा हे ऐकून दिवसभर खूश होते.

पाय ठेवून उभं राहायची फळी गाडीमागे जोडणं, हा उपाय पुष्कळ जण सुचवतात. मूल अडीच-तीन वर्षांचं असेल तर तो उत्तम आणि स्वस्त. आमची थोरली दुपारी एकला हमखास झोपायची. उभ्या उभ्या ती झोपणार कशी? दोन मुलांत किती अंतर आहे आणि मोठं अजून दिवसा झोपतं का, एवढ्या दोन प्रश्नांवर जोड गाडी हवी की नको ते ठरवा.

आता ती साडेतीन वर्षांची आहे. स्कॉटलंडमध्ये तिसऱ्या वर्षानंतर वर्षाला 1140 तास नर्सरी सरकारी खर्चाने मिळते, तिथे ती सकाळी चालत जाते. तिच्या रिकाम्या सीटवर जाताना भाजीची पिशवी असते. येताना पाऊस असला की पिशवी खाली जाते आणि ती चढून बसते. गेल्या महिन्यात डावीकडची ट्यूब बदलली. आमच्या व्हॉट्सॲप गटावर एकीने गाडी विकणार का म्हणून विचारलं आहे. उन्हाळ्यापर्यंत थांब, असं तिला कळवलं.