भिडे मास्तरांची काच

रविवार, रात्री पावणेबारा

मामाला आमच्याकडे येऊन आज बारा दिवस झाले. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, बाकीचा वेळ हॉलमधला दिवाण, पाठीशी दोन उशा आणि हातात रिमोट. त्यामुळे साडेआठला घरात काय लागणार हा प्रश्नच उरलेला नाही. तारक मेहता का उल्टा चश्मा. आमटीला फोडणी आणि गोकुलधाम सोसायटीचं शीर्षकगीत, दोन्ही एकाच मुहूर्तावर.

आज रविवार, नवा भाग नाही. पण पुण्याहून भाची आली होती. तीही याच मालिकेची भक्त, फक्त पंथ वेगळा. नव्या भागांकडे ती ढुंकूनही बघत नाही. जेवताना मोबाईल तांब्याला टेकवून उभा करते आणि जुने भाग लावते. तिच्या मते मालिका २०१७ ला संपली. जेठालालची बायको दया मालिकेतून गेली, विषय संपला. मामाच्या मते मालिका चालू आहे, आणि इतकी वर्षं चालू आहे म्हणजे चांगलीच असणार. हे दोघं आज एका टेबलावर, आणि मी गरम पोळ्या घेऊन मध्ये.

"आजोबा, खरं सांगा, हे बघताना तुम्ही शेवटचं कधी हसलात?"

मामाने घास गिळला. "हसायला कशाला हवं? ओळखीची माणसं रोज दिसतात. बरं वाटतं."

यावर काय बोलणार? पण ती एकोणीस वर्षांची आहे, ती बोलली. म्हणे ओळखीची कुठे उरलीत? टप्पू तिसरा, सोनू चौथी, मेहतासाहेब दुसरे, अंजलीभाभी दुसरी. डॉक्टर हाथींची तर गंमतच. आधी निर्मल सोनी होते, मग कवी कुमार आझाद आले, ते २०१८ मध्ये गेले आणि परत निर्मल सोनी.

"ब्रँचमध्ये मॅनेजर बदलला म्हणून आपण खातं बंद करतो का?" मामा बँकेतून निवृत्त झालाय, दाखले तिथलेच येतात.

"दयाचं खातं २०१७ पासून डॉर्मंट आहे, आजोबा. आणि दर दिवाळीला तुम्हाला सांगतात, केवायसी होतंय, होतंय."

ती २०२३ च्या दिवाळीबद्दल बोलत होती. दयाच्या भावाने, सुंदरने, भावजींना वचन दिलं, ताई दिवाळीला येणार. सोसायटी सजली, जेठालाल नटून उभा राहिला, आणि दया आलीच नाही. तेव्हा बघणारे भयंकर चिडले होते, मालिकेवर बहिष्कार घाला म्हणेपर्यंत वेळ आली. मामाही त्या रात्री मला फोन करून चिडला होता. मी आज त्याची आठवण करून दिली, तर "माझी शुगर वाढली होती तेव्हा" म्हणाला.

मग गाडी जेठालालवर आली. इथे मात्र भाचीची भक्ती जरा डळमळते. बायको आत चहा करतेय आणि हा गॅलरीत उभा राहून शेजारच्या बबिताजींची वाट बघतोय, यात हसण्यासारखं काय, असं तिला हल्ली वाटतं. लहानपणी काही वाटायचं नाही. "ए पागल औरत"वर तर ती लहानपणी पोट धरून हसायची, आता ते ऐकलं की भाग पुढे ढकलते. मामा म्हणे निरागस आहे गं तो. ती म्हणे निरागस काय, पन्नाशीचा आहे.

मला दोघांचंही पटलं, हा माझा जुना दोष. पण पोळी भाजता भाजता एक वाटलं की आपण ज्याला जेठालालचं लेखन म्हणतो त्यातलं निम्मं दिलीप जोशींचा चेहरा आहे. चोरी पकडली गेली की ते आधी हसतात, मग हसू तसंच ठेवून नुसते डोळे पळवाट शोधायला लागतात. हे कागदावर कोण कसं लिहिणार? आणि ज्यांच्यासमोर ते असे थरथरतात ते वडील बापूजी म्हणजे अमित भट्ट प्रत्यक्षात त्यांच्यापेक्षा वयाने लहान. हे मामाला माहीत नव्हतं. बराच वेळ मान हलवत राहिला.

खरी लढाई गोकुलधामच्या सेक्रेटरी भिडेवरून झाली. ती उद्या लिहीन, डोळे मिटतायत.

सोमवार

नाही जमलं. ऑफिसात ऑडिट.

मंगळवार, रात्री दहा

आज मुद्दाम मामाशेजारी बसून नवा भाग बघितला. म्हणजे अर्धा बसून, अर्धा गॅसपाशी. कोणीतरी धावत येऊन काहीतरी सांगितलं. ढॅण्. भिडेचा चेहरा. ढॅण्. माधवीचा. सोढी, रोशन, अय्यर, बबिता, हाथी, कोमल, पोपटलाल, प्रत्येकाला एकेक ढॅण्. मी उठले, भाजी ढवळली, झाकण ठेवलं, गॅस बारीक केला, परत आले. चेहरे चालूच होते.

नुसते चेहरे दाखवत वेळ काढतात, हा भाचीचा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे.

भाग संपल्यावर मामाने मला बातमी काय होती ते विचारलं. मलाही आठवेना.

गुरुवार, रात्र

भिडेचं राहिलं होतं.

मामा ठाण्याला त्याच्या सोसायटीचा चौदा वर्षं सेक्रेटरी आहे. दर वार्षिक सभेत राजीनामा देतो, दुसरं कोणी पुढे येत नाही, परत हाच. त्यामुळे आत्माराम तुकाराम भिडे हा त्याच्यासाठी मालिकेतला माणूस नाही, समव्यवसायी आहे. आणि समव्यवसायी म्हणून मामाच्या तक्रारी आहेत. इतक्या वर्षांत गोकुलधाममध्ये वरच्या मजल्याच्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर गळती झाल्याचं मामाने कधी पाहिलं नाही. थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लागत नाही. सिंकिंग फंड हा शब्द नाही. पार्किंगवरून हातघाई नाही. "हा कसला सेक्रेटरी? याला उपनिबंधकाचं एक पत्र येऊ दे, मग बघू किती वेळ कंपाउंडमध्ये उभा राहतो ते."

पण भाचीने जेव्हा म्हटलं की भिडे म्हणजे मराठी माणसाचं व्यंगचित्र, कंजूष, शिकवण्या घेणारा, बायको लोणची-पापड करणारी, जुनी स्कूटर, तेव्हा मामाच उसळला. "व्यंगचित्र कुठलं? मी ओळखतो असे दहा. मी स्वतः आहे."

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. गुजराती तो व्यापारी, पंजाबी तो मारामारीला तयार, तमिळ तो शास्त्रज्ञ, मराठी तो काटकसरी मास्तर, असा साचा तिथे आहेच. सगळा भारत एका कंपाउंडमध्ये बसवायचा म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला एकेकच स्वभाव येणार. (अय्यरचं काम करणाऱ्याचं आडनाव महाशब्दे आहे हे कळल्यावर मला साच्यांबद्दल फार गंभीर राहता येत नाही.) पण मंदार चांदवडकरांनी भिडेचं जे केलंय ते साच्याच्या बाहेर आलंय असं मला वाटतं. "एकमेव सेक्रेटरी" हे ते ज्या ठसक्यात म्हणतात, त्यातला "एकमेव" हिंदी नाहीच. तो आपला शब्द आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या सूत्रसंचालकाचा. हिंदी बोलणारा मराठी माणूस असा अधूनमधून उघडा पडतो, तीच मजा. मागे फक्त मराठीवर हीच मालिका गोकुळधामची दुनियादारी म्हणून डब होऊन आली तेव्हा मी हौसेने दोन-तीन भाग पाहिले होते. सगळेच मराठी बोलायला लागले आणि भिडे त्या गर्दीत विरघळून गेला. आपल्याच भाषेत आपला माणूस हरवावा, काय म्हणावं.

भाषेवरून आठवलं, मार्च २०२० मध्ये चंपकलालच्या, म्हणजे बापूजींच्याच, तोंडी मुंबईची भाषा हिंदी असल्याचं वाक्य आलं होतं. फळ्यावर सुविचार कुठल्या भाषेत लिहायचा यावरून. मनसेने आक्षेप घेतला, निर्मात्यांना माफी मागावी लागली. मामाने तेव्हा आठवडाभर मालिका बंद ठेवली. "सेक्रेटरी भिडे, गाव गोरेगाव, आणि फळा हिंदी?" मग टाळेबंदी लागली, नवे भागच बंद झाले आणि मामाचा बहिष्कार त्यात जिरून गेला.

आता मला काय वाटतं ते लिहून ठेवते. या दोघांच्या भांडणात कोणी विचारलं नाही, म्हणून इथे.

भाची म्हणते दया गेली म्हणून लेखन घसरलं. मला उलट वाटतं. दयाचं काम करणाऱ्या दिशा वकानी होत्या तोवर घसरण दिसली नाही इतकंच. खुद्द दिलीप जोशींनी २०२० मध्ये एका गप्पांच्या कार्यक्रमात सांगितलं होतं की रोज एक भाग काढायचा म्हटल्यावर कारखाना होतो, आणि काही भाग विनोदाच्या दृष्टीने कमी पडतात. मूळचं काय होतं? गुजराती चित्रलेखातलं तारक मेहतांचं सदर, १९७१ पासूनचं. आठवड्याला एक. त्यावरची मालिका जुलै २००८ मध्ये सुरू झाली आणि चार हजारांवर भाग होऊन गेले. आठवड्याला एक गंमत सुचणं आणि आठवड्याला सहा सुचणं यात फरक असणारच, मला इथे रोज पानभर लिहायला सुचत नाही.

पण थकवा हे सगळं कारण नाही. जुन्या भागांतही तेच तेच होतं की! टप्पूसेनेचा, म्हणजे सोसायटीतल्या पोरांचा, चेंडू, भिडेची काच. सुंदर अहमदाबादहून टॅक्सीने येणार आणि भाडं जेठालाल देणार. दुकानातले नट्टूकाका पगार वाढवायची गोष्ट काढणार आणि शेठजी जेठालाल ऐकलं न ऐकलंसं करणार. भिडे मेंटेनन्स मागणार. नीट बघितलं तर प्रत्येक विनोदात कोणाच्या तरी खिशातून पैसे जातायत. काच फुटली की पहिला प्रश्न, पैसे कोण देणार? भिडे काचेसाठी ओरडत नाही, महिन्याच्या हिशोबात ती काच कुठे बसवायची म्हणून ओरडतो. चाळीत, सोसायटीत वाढलेल्या कोणालाही ते आवाजावरून कळतं. आमच्याकडे बाबा असेच ओरडायचे, आणि मग रात्री पाकिटाच्या मागे आकडे मांडत बसायचे.

नंतर नंतर काय झालं? चोर आले, गुप्तहेर आले, कोणाला तरी कोणीतरी वेगळंच समजलं आणि अख्खी सोसायटी आठवडाभर पळत सुटली. शेवटी समजलं की काहीच नव्हतं. कोणाचं काही गेलं नाही. दहा रुपयेसुद्धा नाहीत. मग भिडेने घाबरायचं कशाला? म्हणून तो घाबरत नाही, घाबरल्याचा चेहरा करतो, आणि कॅमेरा तो तीनदा दाखवतो. दयाची आई आठवून बघा, जिचा चेहरा कधी दाखवलाच नाही. नुसत्या फोनवर जेठालालचा घाम काढायची. आता सगळे समोर उभे असतात आणि कोणाला घाम येत नाही.

पोपटलालचं मात्र मला वाईट वाटतं. त्याच्या बाबतीत खरंच काहीतरी जातं, दरवेळी. स्थळ येतं, ठरत येतं, मोडतं. श्याम पाठक ते "कॅन्सल"वर उडवून लावतात, लोक हसतात. मी पहिल्या चार-पाच वेळा हसले. आता स्थळ आलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. भाची म्हणते त्याचं लग्न लावून टाकलं तर लेखकांकडे काय उरेल. मामा म्हणतो त्याचं लग्न झालं तर हातातली छत्री कोणाला देणार. हा एकच मुद्दा ज्यावर दोघांचं एकमत आहे, आणि मी विरुद्ध पक्षात.

आज संध्याकाळी भाची परत जायची होती, पण गाडी रद्द झाली म्हणून राहिली. साडेआठला मामाने रिमोट उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, खाली ठेवला. दुपारी त्याच्या सोसायटीतून फोन आला होता. पंपाची मोटर जळलीय, मेकॅनिकने आकडा सांगितलाय, कमिटी म्हणते सेक्रेटरी आल्याशिवाय चेक निघणार नाही. तेव्हापासून जरा गप्पच होता.

"तुझ्या त्या मोबाईलवर जुना लाव गं एखादा," तो भाचीला म्हणाला. "तो, काच फुटते तो."

"आजोबा, काच तर सारखीच फुटायची. कुठला लावू?"

"कुठलाही लाव."

तिने तांब्या पुढे ओढला.