टर्बो फुटल्यावर इंजिन तपासून घेताना: तुटलेल्या पात्यांचा हिशोब मागा (माझा अनुभव)

"टर्बो मंजूर झालाय. इंजिनला काही झालेलं नाही." काउंटरवर हे सांगितलं गेलं तेव्हा इंजिनच्या आत कुणी डोकावलंसुद्धा नव्हतं. (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा.) गाडी चार सिलिंडरची डिझेल, बीएस-४, वाढीव वॉरंटीतली. प्रत्यक्ष काम दोन-तीन दिवसांचं, पण गाडी वर्कशॉपमध्ये अकरा दिवस उभी राहिली, कारण वॉरंटीच्या मंजुरीचा मेल येत नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. टर्बो गेला की माणूस खर्चाच्या आकड्यानं घाबरतो आणि पुढ्यात येईल त्या कागदावर सही करतो. तशी सही करू नका.

तुळजापूरच्या घाटात चढावर आधी सायरनसारखी बारीक शिट्टी ऐकू आली, मग ओढ एकदम गेली आणि आरशात निळसर पांढरा धूर दिसला. अशा वेळी पहिलं काम म्हणजे बाजूला घेऊन इंजिन बंद करणं. "हळूहळू नेऊ सोलापूरपर्यंत" हा विचार फार महागात पडतो. टर्बोचं सील गेलं की इंजिनचं ऑइल हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये शिरतं, आणि डिझेल इंजिन त्या ऑइलवरही चालतं. मग चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, उलट रेस वाढत जाते. तसं झालंच तर मॅन्युअल गाडीत पाचवा गिअर टाकायचा, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि क्लच सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं. क्लच जळला तरी चालेल, इंजिन वाचतं. माझी गाडी चावीनं बंद झाली आणि त्यानंतर एकदाही स्टार्टर मारला नाही. टोइंग, जॉब कार्ड, टर्बो उतरवणं हे सगळं सुरळीत झालं.

टर्बोच्या हवेच्या बाजूचं चाक, म्हणजे कॉम्प्रेसर व्हील, ॲल्युमिनियमचं असतं. धुराच्या बाजूचं टर्बाइन व्हील उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचं. दोन्ही एकाच शाफ्टवर, आणि लहान इंजिनात हा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातो. बहुतेक गाड्यांत तो बुशमधल्या (शाफ्टभोवतीच्या धातूच्या कडीतल्या) ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल पोचलं नाही की बुश झिजतं, शाफ्ट डगमगतो आणि पाती बाहेरच्या घराला घासून तुटतात. शाफ्ट बोटानं वरखाली किंचित हलणं नव्या टर्बोतही असतं, त्याला घाबरू नका. मागेपुढे मात्र हाताला जाणवेल इतका सरकता कामा नये. आमचा सहज सरकत होता आणि बारापैकी तीन पात्यांची टोकं गायब होती.

ही टोकं गेली कुठं? धुराच्या बाजूचा तुकडा असता तर सायलेन्सरकडे गेला असता, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये अडकला असता, इंजिनला शिवला नसता. हवेच्या बाजूचा तुकडा थेट इंजिनकडे ढकलला जातो. वाटेत आधी इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी), मग थ्रॉटल फ्लॅप (हवेच्या वाटेतली झडप), मग इनटेक मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप), व्हॉल्व्ह आणि शेवटी सिलिंडर. इंटरकूलर ही या वाटेवरची चाळणी. त्याच्या नळ्यांत बारीक नागमोडी पत्रे बसवलेले असतात, तुकडे बहुधा तिथंच थांबतात. त्या 'बहुधा'च्या भरवशावर मला इंजिन सुरू करायचं नव्हतं. माझी मागणी एवढीच होती: तीन टोकं शोधा, पात्यांना लावून बघा, कमी भरली तर सिलिंडरमध्ये बघा.

इथं गाडं अडकलं. वॉरंटीच्या मंजुरी डेस्कचं म्हणणं असं की टर्बो निकामी झाल्याचं फोटोत दिसतंय, तो मंजूर. इंटरकूलर 'निकामी' नाही, त्यात फक्त ऑइल आहे, धुऊन परत लावा. इंजिन खोलायचं असेल तर आत नुकसान झाल्याचा पुरावा द्या. पण इंजिन खोलल्याशिवाय पुरावा मिळणार कसा? खोलून काही निघालं नाही तर मजुरी आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) गॅस्केट-बोल्टचा खर्च ग्राहकाचा, असं लिहून देण्याचा छापील फॉर्म समोर आला. मी तो सही न करता परत दिला. रोज सकाळी फोन केला की एकच उत्तर, "मेल टाकलाय साहेब, वरून आला की लगेच सांगतो." नेहमीच्या गाडीच्या विम्याकडे बघण्यात अर्थ नव्हता, साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेलाच असतो.

तिसऱ्या दिवशी निदान इंटरकूलर तरी माझ्यासमोर उतरवा म्हणून हटून बसलो. त्यातून पेलाभर ऑइल निघालं. इंटरकूलर आडवा-उभा करून रबरी हातोडीनं हलके ठोकले, आत डिझेल घालून हलवलं आणि ते डिझेल पांढऱ्या सुती कापडातून गाळून घेतलं. दोन तुकडे आणि चमकणारी भुकटी मिळाली. कागदावर चाक ठेवून तुकडे जुळवले. दोन टोकं बसली, तिसऱ्याचा पत्ता नाही. हा फोटो मेलमध्ये गेला. उत्तर आलं की इंटरकूलर धुतला असल्यास पुढची जोडणी करावी. धुतलेला इंटरकूलर परत लावणं मला आजही मान्य नाही. नळ्यांतल्या पत्र्यांमागे अडकलेली भुकटी किती निघाली हे कुणालाही दिसत नाही. ती पुढे गाडी चालताना सुटत राहते आणि सिलिंडरच्या बोअरवर, म्हणजे आतल्या गोल भिंतीवर, उभ्या रेघा ओढते. शिवाय ऑइल साचून राहिलं तर नवा टर्बो लावल्यावर पहिल्याच जोराच्या रेसला ते इंजिनात ओढलं जातं.

वर्कशॉपनं मधेच सुचवलं, कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणं) करू, आकडे चांगले आले की विषय संपला. ऐकायला बरं वाटतं, पण क्रम चुकीचा आहे. कम्प्रेशन बघायला स्टार्टरनं इंजिन फिरवावं लागतं, आणि मॅनिफोल्डमध्ये तुकडा पडलेला असेल तर त्याच फेऱ्यांत तो आत ओढला जाईल. आधी डोळ्यांनी बघायचं, मग हवेची वाट साफ करायची, त्यानंतर कम्प्रेशन.

हेड न उचलता आत बघायची वाट ग्लो प्लगच्या (थंड डिझेल इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणाऱ्या काडीच्या) भोकातून जाते. वर्कशॉपकडे एंडोस्कोप कॅमेरा होता, साडेपाच मिलिमीटरचा. तो शिरेना. आटे दहा मिलिमीटरचे असले तरी खाली प्लगचं टोक जिथून सिलिंडरमध्ये डोकावतं ते भोक बरंच अरुंद असतं. ३.९ मिलिमीटरचा कॅमेरा लागतो, तोही बाजूला बघणारी दुसरी लेन्स असलेला, कारण सरळ लेन्सला पिस्टनचा माथा दिसतो, पण बोअरची भिंत आणि वरचे व्हॉल्व्ह दिसत नाहीत. वर्कशॉपनं "आमच्याकडे नाही" म्हणून दोन दिवस घालवले. शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डिझेल मिस्त्रीकडचा आणला, अर्ध्या तासाच्या भाड्यात.

ग्लो प्लग काढताना घाई नको. ते गरम इंजिनवर सोडवायचे असतात, पण इथं इंजिन सुरू करायचंच नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी मुळाशी गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवायचं आणि सकाळी लहान दांड्याच्या गोटी पान्यानं थोडं सोडवायचं, थोडं परत आवळायचं, असं करत काढायचं. लांब दांडा लावला की प्लग मधेच तुटतो, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहात नाही.

चारही प्लग काढल्यावर क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं, चालतं त्याच दिशेनं, हळू फिरवायचं. पण हे मॅनिफोल्ड उघडून तपासल्यावरच. हातानं फिरवतानाही व्हॉल्व्ह उघडतात. आम्ही आधी थ्रॉटल फ्लॅप काढला. फ्लॅपच्या कडेवर ताजा चकचकीत ओरखडा होता. म्हणजे तिसरं टोक इंटरकूलर ओलांडून पुढे आलेलं होतं. तो ओरखडा बघितल्यावर वर्कशॉपचा फोरमनही गप्प झाला आणि मॅनिफोल्ड काढायला स्वतःहून माणूस दिला. ईजीआरचा, म्हणजे इंजिनात परत फिरवलेला, धूर जिथं हवेत मिसळतो त्या वळणावर काजळी आणि ऑइलचा डांबरासारखा थर साचलेला असतो. एरवी हा थर इंजिनला नकोसा, पण आमच्या तुकड्याला त्यानंच धरून ठेवलं होतं. डाळीच्या दाण्याएवढा तुकडा, तिसऱ्या पात्याला अचूक बसला. पुढे दोन वितींवर व्हॉल्व्ह होते.

मग कॅमेरा. काय बघायचं ते लिहून ठेवतो. पिस्टनच्या माथ्यावर, विशेषतः मधल्या खळग्याच्या काठावर, खोबण्या किंवा चिरडल्याच्या खुणा. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यात मुद्दाम घासून काढलेल्या) तिरप्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत. त्या पुसून उभ्या रेघा आल्या असतील तर धातू आत गेला. चंदेरी ठिपके म्हणजे वितळून चिकटलेलं ॲल्युमिनियम. व्हॉल्व्हच्या तोंडावर टोचे. आमचे चारही सिलिंडर स्वच्छ निघाले, ऑइलचा ओलावा तेवढा होता. प्रत्येक फोटोवर सिलिंडरचा नंबर टाका, नाहीतर डेस्कवर चार सारखे फोटो बघून कुणाला काही कळत नाही.

हे सगळे फोटो एकाच मेलमध्ये क्रमानं लावून पाठवले आणि खाली एकच प्रश्न लिहिला: हा तुकडा फ्लॅप ओलांडून पुढे गेला असताना जुनाच इंटरकूलर लावल्यावर इंजिनची जबाबदारी कोणाची, हे लेखी कळवा. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवेन असंही लिहिलं. नवव्या दिवशी नवा इंटरकूलर मंजूर झाला आणि मॅनिफोल्डची सफाईही. तोंडी बोलण्यात आठवडा गेला होता. पहिल्याच दिवशी लेखी विचारायला हवं होतं, तुम्ही तसंच करा. ऑइल बदलल्याची सगळी बिलं तारखेवार फाइलमध्ये होती, म्हणून त्या बाजूनं बोट ठेवायला त्यांना जागा मिळाली नाही.

टर्बो का गेला हेही शोधा, नाहीतर नवाही जातो. आमच्यात टर्बोला ऑइल देणारा बारीक पाइप आतून जळक्या ऑइलनं अर्धा भरला होता. लांब चढ किंवा हायवे मारून इंजिन तडक बंद केलं की टर्बोतलं ऑइल तिथंच जळतं. सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात तर थांबल्यावर एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवाच. पाइप साफ करत बसू नका, नवा घ्या, त्याचे तांब्याचे वॉशरही नवे. ऑइल परत जाण्याचा पाइपही बघा. तिथून ऑइल फक्त उतारानं खाली येतं, दाब नसतो, त्यामुळे तो चेंबला असेल किंवा इंजिनचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल तर नवा टर्बोसुद्धा ऑइल ओकतो. या दोन्ही जोडांवर गॅस्केट पेस्ट लावू देऊ नका. सुटलेला एक थेंब ऑइलची वाट बंद करतो.

चेंबरमधलं (इंजिनखालच्या टाकीतलं) ऑइल सोडताना कापडातून गाळून घ्या. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, न चिकटलेलं सोनेरी ते टर्बोच्या बुशचं असू शकतं, चंदेरी ते ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा थर. पत्र्याचा फिल्टर करवतीनं कापू नका, करवतीचाच भुसा आत पडतो आणि निष्कर्ष चुकतो. पाइप कटर वापरा. कागदी एलिमेंटच्या घड्या उन्हात उघडून बघा. आणि मॅनिफोल्ड पुसायला आपला सोलापुरी टॉवेल नको, त्याचे तंतू सुटतात. न सुटणारं गुळगुळीत सुती कापड घ्या.

पेट्रोल गाडीत पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर असेल तर जास्त काळजी. काही इंजिनांत तो थेट मॅनिफोल्डवर बसतो. मधे लांब पाइप किंवा समोरचा इंटरकूलर नसल्यामुळे रोटरचा थर सुटला की तो सरळ व्हॉल्व्हवर जातो. तिथं सिलिंडर बघण्यावाचून पर्याय नाही, पण स्पार्क प्लगच्या भोकातून साडेपाचचा कॅमेरा आरामात जातो.

कम्प्रेशन शेवटी घेतलं, इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवून: २७, २६, २७, २६ बार. सिलिंडरांमध्ये तीन-चार बारपेक्षा जास्त फरक आला तर सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघायची. इनटेकमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. आम्हाला गरज पडली नाही.

नवा टर्बो बसवल्यावर ऑइलच्या तोंडात आधी स्वच्छ ऑइल भरायला लावा, हातानं चाक फिरवा, मग कनेक्टर काढलेलेच ठेवून परतीच्या पाइपातून ऑइल येईपर्यंत स्टार्टर मारा, थोडं थोडं थांबून. त्यानंतर सुरू करून काही मिनिटं आयडलवर, रेस अजिबात नाही. पाचशे किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलला, घड्या उन्हात उघडून बघितल्या. कागद काळा होता, चमक कुठेच नव्हती. तुटलेलं चाक आणि तिन्ही टोकं एका डबीत ठेवली आहेत. तुमचेही मागून घ्या, कारण जुना टर्बो परत गेला की त्याबरोबर पुरावाही जातो.