रांगत्या लेकीला घेऊन कुठे जायचं?

गोव्यात राहणाऱ्याने सुट्टीला कुठे जायचं, हा बाहेरच्यांना प्रश्नच वाटत नाही. पुण्याची मावशी तर सरळ म्हणते, "तुमच्या दारात समुद्र, तुम्हाला कशाला हवी ट्रिप?" आमच्या डिचोलीच्या घरापुढे समुद्र नाही, खाणीच्या ट्रकांनी लाल झालेला रस्ता आहे, पण ते असो. लेकीची नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस झाली, चतुर्थी पार पडली आणि बायकोने जाहीर केलं की नाताळच्या पाहुण्यांची रीघ लागायच्या आत आपण कुठेतरी जाऊन येऊ. आपण म्हणजे आम्ही दोघं, लेक आणि माझी आई.

माझं मन मनालीत अडकलेलं. दोन वर्षांखालच्या बाळाला विमानात वेगळी सीट घ्यावी लागत नाही, मांडीवर बसवायचं, म्हणून मी खुशीत होतो. पण मनालीचा खरा प्रवास विमानातून उतरल्यावर सुरू होतो, तासन् तास घाटातून. मुलांच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत निकाल लावला: मनालीपर्यंत ठीक आहे, रोहतांगवर एवढ्या लहान बाळाला नेऊ नका. खिंड जवळजवळ चार हजार मीटरवर. तिथे जायचंच नसेल तर देश ओलांडून कशाला जायचं?

मग बायकोने कागद घेतला, आणि त्यावर एकाही गावाचं नाव लिहिलं नाही. लेकीचा दिवस लिहिला. सकाळी दहाच्या सुमाराला झोप, दुपारी पेज, संध्याकाळी सातच्या आत मऊ भात, आठला अंथरूण. "जिथे जाताना हे मोडेल ते ठिकाण बाद," म्हणाली. मला आधी हसू आलं. पण नंतर सगळी निवड त्या कागदावरच झाली, आणि यूट्यूबवरच्या 'टॉप टेन' यादीपेक्षा तो कितीतरी कामाचा निघाला.

हंपी तिला फार दिवसांपासून बघायची होती. वास्कोहून होस्पेटला गाडी आहे, त्यामुळे प्रवासाची अडचण नव्हती. पण हंपी म्हणजे मैलोन् मैल पसरलेले दगड आणि ऊन. बाबागाडी तिथे चालणार नाही आणि नेमक्या झोपेच्या वेळी आपण विठ्ठल मंदिराच्या आवारात सावली शोधत असणार. तिने स्वतःच काट मारली. अलेप्पीची हाऊसबोट आईने उडवली: "पाण्यात झोपायला गोवा सोडून केरळात?" शिवाय रांगणारं पोर आणि नावेचा कठडा, नकोच. महाबळेश्वरच्या वाटेवर कोल्हापूर, सातारा, कराड लागतात आणि तिन्हीकडे बायकोचे नातेवाईक. सुट्टी कसली, पायधूळ झाडण्याचा दौराच झाला असता. आंबोलीला तर आम्ही रविवारी भजी खायला जातो.

कोडगू, म्हणजे कर्नाटकातलं कूर्ग, सुचवलं आईने, कुठल्याशा मासिकात कॉफीच्या मळ्यांचे फोटो बघून. त्या जिल्ह्यात रेल्वेच नाही, म्हणून मी आधी नाक मुरडलं. पण मडगाव-मंगळूर वंदे भारत 30 डिसेंबर 2023 पासून सुरू आहे. संध्याकाळी मडगावहून सुटते, कारवार आणि उडुपीला थांबते, रात्री मंगळूर. म्हणजे भात भरवून गाडीत बसवायचं, आठला ती मांडीवर झोपणार. पाच वर्षांखाली, वेगळी सीट नको असेल तर, रेल्वेचं तिकीटही नाही. रात्री मंगळूरला मुक्काम आणि सकाळी तिची झोपेची वेळ साधून टॅक्सी, म्हणजे संपाजे घाटाची वळणं झोपेत निघतील. मडिकेरी, म्हणजे कोडगूचं मुख्य गाव, साधारण अकराशे मीटरवर, उंचीचीही भीती नाही. पावसाळ्यात तिथे जळवा असतात, म्हणून नोव्हेंबर ठरवला. आरक्षण आता 120 ऐवजी 60 दिवस आधीच उघडतं, त्यामुळे तारखा पक्क्या करायला थोडं थांबावं लागलं.

खरा वेळ गेला होमस्टे शोधण्यात. फोटोत सगळेच मळे हिरवेगार. बायको फोन स्पीकरवर टाकायची आणि ठरलेले प्रश्न विचारायची: गरम पाणी दिवसभर की फक्त सकाळी? स्वयंपाकघरात बिनतिखटाचा मऊ भात करून मिळेल का? पलंग किती उंच? गॅलरीच्या गजांमधून बाळाचं डोकं जाईल का? हा शेवटचा प्रश्न ऐकून एक मालक गप्पच झाला. मग म्हणाला, "थांबा, मोजून सांगतो." टेप घेऊन गेला असावा, कारण थोड्या वेळाने त्याने गजांमधल्या अंतराचा फोटो पाठवला. मधोमध त्याचीच मूठ. दुसऱ्या एकाने सगळ्याला हो म्हटलं आणि शेवटी हळूच जोडलं, "शेवटचे दोन किलोमीटर फक्त जीप, सर." रात्री ताप आला तर डॉक्टरकडे जीपने? तो गेला. मुठीवाल्याचं घर गावाला लागून होतं, डांबरी रस्ता दारापर्यंत, भाडं थोडं जास्त. त्यालाच आगाऊ पैसे पाठवले.

तिथे गेल्यावर दुबारेचे हत्ती आणि तळकावेरी आम्ही पाहिलंच नाही. मडिकेरीतल्या राजाज् सीट या बागेत एक संध्याकाळ, बाकी वेळ घराच्या अंगणात. आई कॉफीच्या मळ्यातल्या मिरीच्या वेली पुन्हापुन्हा न्याहाळत बसायची आणि आपल्या कुळागरातल्या, म्हणजे गोव्याच्या सुपारीच्या बागेतल्या, मिरीशी तुलना करायची. जिंकायची अर्थात आपलीच. लेकीला माकडं सोडून कशातच रस नव्हता. घाटात मात्र ती झोपली नाही, टॅक्सीवाल्याच्या आरशाला लटकवलेल्या लिंबू-मिरचीकडे टक लावून बसली. उलटी मलाच झाली.

परतीची वंदे भारत मंगळूरहून सकाळी निघते, म्हणून येतानाही तिथे रात्रीचा मुक्काम करावा लागला. हा रस्ता धरणार असाल तर हॉटेलचे ते दोन्ही मुक्काम खर्चात आधीच धरा, आणि खोली स्टेशनच्या जवळ घ्या.