मुक्काम एओझ

नैर्ऋत्य फ्रान्समधलं लामॉत सोडलं की एओझ गावाकडची वाट जुन्या रेल्वेमार्गावरून जाते. रूळ केव्हाच उचललेत. दोन्ही बाजूंना दाट झाडी, पायाखाली सपाट माती, आणि झाडीत जरा फट पडली की लगेच द्राक्षमळे. आर्मान्याक ही इथली ब्रँडी याच द्राक्षांची, आणि एओझ हे तिच्या व्यापाराचं मोठं ठाणं. आदल्या दिवशीच्या चढ-उतारांनी माझे गुडघे बोलायला लागले होते, त्यामुळे मला मात्र मळ्यांपेक्षा त्या सपाट वाटेचं जास्त सुख वाटलं.

मुलगी तुलूझला असते. तिच्याकडे गेले की आम्ही दोघी या वाटेचे थोडेथोडे टप्पे चालतो. ही सांतियागोची वाट. फ्रान्समधल्या ल प्वी गावाहून निघते, पिरेनीज ओलांडते आणि स्पेनच्या पश्चिम टोकाला संत याकोबाच्या समाधीपाशी पोचते. ल प्वीचा बिशप गोदेस्काल 950 साली तिकडे निघाला होता, एवढी ही परंपरा जुनी. आता झाडांवर, खांबांवर, दगडांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. पट्ट्या दिसत राहिल्या की समजायचं, बरोबर चाललोय. मागून कुणी आलं की "बों शमँ" म्हणून पुढे जातं. आपल्याकडे "माउली" म्हणून वाट मागतात, त्याची पहिल्यांदा फार आठवण झाली होती. आता दोन्ही सवयीचं झालंय.

एओझची वस्ती आज 4,000च्या आसपास. देवळासमोर चौक, चौकात लाकडी सांगाड्याची जुनी घरं आणि त्यांच्या खाली ओवऱ्या. आम्ही पोचलो तो गुरुवार, म्हणजे बाजाराचा दिवस. टोमॅटो, लसूण, बकऱ्यांच्या दुधाचं चीज आणि बदकाचे नाना प्रकार. माळकरी माणसाला यातलं निम्मंच उपयोगाचं, पण बाजारात फिरायला काय हरकत आहे!

ज्या गावात आज एका चौकात सगळा बाजार मावतो, ते एके काळी एका प्रांताची राजधानी होतं. तेव्हाचं नाव एलुसा. एलुसातेस ही इथली मूळ जमात. इ.स.पू. 56मध्ये सीझरचा सरदार क्रासस या भागात उतरला, तेव्हा ती रोमला शरण गेली. पुढे तिसऱ्या शतकाच्या अखेरीस गॅरोन नदी आणि पिरेनीजच्या मधल्या मुलखाचा वेगळा प्रांत झाला, आणि त्याची राजधानी एलुसा. रुफिनस इथलाच. रोमन सम्राट थिओडोशियसचा तो मोठा मंत्री झाला, पूर्वेचा सगळा कारभार त्याच्या हाती आला, आणि 395मध्ये कॉन्स्टँटिनोपलजवळ नव्या सम्राटाच्या डोळ्यांदेखत सैनिकांनी त्याला कापून काढलं. या शांत चौकात उभं राहून ते खरं वाटत नाही.

रोमन शहर आजच्या गावाच्या जरा बाजूला, सिएताच्या पठारावर होतं. तिथे उत्खननात एका धनिकाचं घर उघडं पडलं आहे. मधला चौक, भोवतालच्या खोल्या, घरचं स्वतंत्र स्नानगृह. स्नानगृहाच्या जमिनीखालून गरम हवा खेळवत, म्हणून फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे. मी वाड्यात वाढले. चौक कुठे, माजघर कुठे, पाणी कुठून आत येतं आणि कुठून जातं हे मी आपसूक शोधायला लागले आणि बहुतेक सगळं सापडलं. लेक म्हणाली, "आई, तू तर राहायलाच आल्यासारखी बघतेस."

तो परिसर उजाड झाल्यावर लोक उठून शेजारच्या टेकाडावर गेले. बांधायला दगड कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता. सँ लुपेरच्या देवळाच्या भिंती जवळून पाहा. तांबड्या विटांमध्ये हाताएवढे चौकोनी घडीव दगड दिसतात, ते एलुसाचे. देऊळ पंधराव्या-सोळाव्या शतकातलं. इथलं बिशपपद कधीच औश शहराला गेलं, तरी गावकरी त्याला आजही कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं देऊळच म्हणतात, आणि मला ते योग्य वाटतं.

वस्तुसंग्रहालय चुकवू नये. 1985 साली जुन्या स्टेशनाच्या परिसरात एक ठेवा सापडला. 28,000हून जास्त नाणी, बहुतेक चांदीची, वजन सुमारे 120 किलो, आणि सोबत रत्नजडित दागिने. हे पुरलं गेलं साधारण 261मध्ये. त्याच सुमाराला, 260मध्ये, पोस्टुमस या रोमन सेनापतीनं गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, स्वतःला सम्राट जाहीर केलं होतं. सगळीकडे धामधूम. कुणीतरी घरचं सगळं जमिनीत ठेवलं आणि परत आलं नाही. नाण्यांच्या राशीपुढे लोक थबकतात. मी गळ्यातल्या हारांपुढे थांबले. नाणी कुणाचीही असू शकतात. हार कुणाच्या तरी गळ्यातला असतो.

तरीही एओझशी माझं खरं नातं जडलं ते या सोन्याचांदीमुळे नाही. 333 साली बोर्दोहून एक यात्रेकरू जेरुसलेमला निघाला. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. ख्रिस्ती यात्रेकरूंची जी प्रवासवर्णनं उरली आहेत, त्यांतलं सगळ्यांत जुनं त्याचं. पॅलेस्टाइनला पोचेपर्यंत त्यात जवळजवळ वर्णनच नाही. नुसती यादी. अमुक ठिकाणी घोडे बदलले, अमुक ठिकाणी मुक्काम, अमुक शहर, मधलं अंतर इतकं. पाऊस लागला का, पाय सुजले का, जेवण कसं होतं, एक अक्षर नाही. आणि त्या यादीत, बोर्दोहून तुलूझकडे जाताना, औशच्या आधी, एलुसा शहर आहे.

पुष्कळांना अशी यादी रुक्ष वाटेल. मला वाटत नाही. माझ्या सासूबाई अठरा वर्षांच्या असल्यापासून वारी करत. वारी कशी झाली विचारलं की त्या फक्त मुक्काम सांगायच्या, एकामागून एक, बोटांवर. घाटातला पाऊस, रिंगण, कुणाच्या अंगणात मिळालेली भाकरी, हे त्यांच्यासाठी त्या नावांतच होतं. त्या नामहीन यात्रेकरूनं एलुसा लिहिलं तेव्हा त्याच्याही मनात इथलं काहीतरी असणारच. एखादी विहीर, एखादा आखडलेला पाय. तो इथून पूर्वेला गेला, आम्ही पश्चिमेला निघालो होतो. आणि एका गावात त्याची आणि माझी वाट एकमेकींना छेदते, या विचारानं मी त्या दिवशी खरोखर हरखून गेले होते.

रात्री यात्रेकरूंसाठीच्या घरात उतरलो. दारात बूट काढायचे, यात्रेकरूच्या पुस्तकावर मुक्कामाचा शिक्का घ्यायचा, पलंग दाखवतात. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी गारब्यूर केलं होतं. कोबी, पांढरं बीन, बटाटा घालून उकळलेलं इथलं दाट सूप. एरवी त्यात मांस असतं. माझ्यासाठी त्यांनी वेगळं पातेलं चढवलं होतं. लेकीनं सकाळी फोनवर तेवढं सांगून ठेवलं होतं. मी त्यांना हात जोडले, त्यांनीही जोडले.

टेबलाशी समोर ब्रिटनीकडचे एक आजोबा होते, निवृत्त शिक्षक. पंढरपूरबद्दल ऐकून त्यांचे प्रश्न संपेनात. लेक मध्ये बसून दोन्हीकडून भाषांतर करत होती. लाखो लोक? मग झोपतात कुठे? म्हटलं, दिंडीचा ट्रक पुढे जातो, तंबू लागलेले असतात, शाळा असतात, देवळं असतात, आणि लोक घरं उघडतात. शिक्का कोण मारतं? म्हटलं, शिक्का नाही. यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, मग रस्ता तरी सांगा. त्यांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं. मी सावकाश सांगत गेले आणि लेक एकेक नाव रोमन अक्षरांत लिहून दाखवत गेली. आळंदी. पुणे, तिथे दोन रात्री. सासवड, हा टप्पा लांबचा, मध्ये दिवे घाट. जेजुरी. वाल्हे. लोणंद. तरडगाव. फलटण. बरड. नातेपुते. माळशिरस. वेळापूर. भंडीशेगाव. वाखरी. पंढरपूर.